शब्दावर भरती

पाहिजे: सॉफ्टवेअर डेव्हलपर. जागा एक. ठिकाण पुणे. ताबडतोब रुजू होणारा.

असले डेव्हलपर शोधून आणणं हे सुदर्शनचं कंपनीतलं काम. नोकरीच्या वेबसाइटवर माणसं ढिगानं होती, पण हो म्हणायची आणि ऐन वेळी दुसरीकडं पळायची. साहेब वैतागले. सुदर्शन महाळुंगे पडवळ गावचा, तो म्हणाला, "सर, आमच्या अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं बघू. आमच्याकडची माणसं टिकतात."

सापडली. सृष्टी, शेजारच्या पेठ गावच्या दादाभाऊ मेंढपाळाची मुलगी. परीक्षेत सगळ्यांच्या पुढं. मुलाखत संपल्यावर साहेब म्हणाले, "घेऊन टाकू हिला." सुदर्शनला इतका आनंद झाला, की त्यानं ऑफर लेटरची वाट पाहिली नाही. गावी आला, तसाच पेठेला गेला.

"मामा, सृष्टीचं काम झालं."

चूक इथं झाली. गोष्ट इथंच थांबवून एक सांगायला हवं.

सुदर्शनच्या वावरात दादाभाऊंची मेंढरं खतासाठी बसायची, आज्याच्या वेळेपासून. कुठल्या तुकड्यात बसवायची, किती दिवस, सगळं बांधावर उभ्यानं ठरायचं. दिलेला शब्द कधी फिरला नाही. शब्द फिरवता येतो, हे दादाभाऊंना माहीतच नव्हतं. सुदर्शनला होतं. तो कंपनीत होता.

पाहिजे: सॉफ्टवेअर डेव्हलपर. जागा

परदेशातलं गिऱ्हाईक गेलं. भरती बंद. उमेदवारांना कळवावे.

पेठेच्या वाटेवर बाईक चालवता चालवता सुदर्शन वाक्य जुळवत होता.

मामा, जरा लांबणीवर पडलंय. (खोटं.)

मामा, कंपनीनं ऐन वेळी (कंपनी कोण? शब्द कुणी दिला?)

मामा,

तो पोचला. मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून भिंतीला लावलेली. दारात नुसतं कुत्रं.

"मेंढरं कुठंयत मामा?"

"इकली!" दादाभाऊ हसले. "मंचरच्या खाटकानं काल टेम्पो भरला. आरं, पोरगी एकली कशी ऱ्हाईल पुन्यात? आमी बी येतो. तुजी मामी म्हनती, आता इंजिनियराच्या आईनं काय मेंढरामागं हिंडावं व्हय?"

"मी न्हाई, हेच म्हनत व्हतं," निर्मलामामी आतून ओरडली. "कालपास्नं नवी टोपी घालून बसलंय बघ."

सुदर्शननं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "जागाच गेली, मामा," एवढंच आलं.



दादाभाऊ म्हणाले, "तुज्या सायबाला म्हाईत हाय का, आमी मेंढरं इकली म्हनून? सांगून तर बघ."

"आप्पा, त्याला काय करायचंय?" सृष्टी उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. ती सुदर्शनकडं वळली. "दादा, मी म्हणत होते, पत्र हातात येऊ द्या, मग विका. तर म्हणाले, सुदर्शन बोललाय, पत्र कशाला?"



दादाभाऊ उठले, काठी घेतली. "चल. मंचरात त्या खाटकाकडं सोड मला. एखाद-दोन कापायची ऱ्हायली असतील. गाभण व्हती त्यात."

"मी येते," सृष्टी म्हणाली.

"तू कशाला? बघवायचं न्हाई तुला."

दोघं निघाले. दादाभाऊंचा एक हात सुदर्शनच्या खांद्यावर, दुसऱ्यात काठी आडवी. हायवेला लागले तसा खिशातला फोन थरथरला. गाडी बाजूला घेऊन सुदर्शननं पाहिलं. साहेबांचा मेसेज होता: अवसरीच्या अजून चार-पाच मुलांशी बोलून ठेव. काम आलं की लागतील. सध्या नुसतं तोंडी.

"कुनाचा रं?" मागून दादाभाऊंनी विचारलं.

"ऑफिसचा."

"मंग लाव की उलट फोन. सृष्टीचंच आसंल." आणि सुदर्शनला नीट बोलता यावं म्हणून दादाभाऊ गाडीवरून उतरून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.