भामाची तांबडी केळ

माझी थोरली जाऊ हरणाबाई भारी हट्टी. जतच्या माळावर, जिथं बाभळीसुद्धा जीव धरून उभ्या असतात, तिथं तिनं परसात केळ जगवली. तीही साधीसुधी नाही, तांबडी. आमच्या गावानं तसली केळ कधी पाहिलीच नव्हती.

कोंब आणला होता तिच्या एकुलत्या एका लेकीनं, भामानं. भामाला शिराळ्याकडं दिलेली, भाताच्या मुलखात. तिच्या सासऱ्यानं कोकणातून केळ आणली होती. तिचं एक पिल्लू ओल्या पोत्यात गुंडाळून भामानं एसटीतून मांडीवर आणलं आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं.

"आये, हिचं पयलं केळ मी खानार. तवर कुनी हात लावायचा न्हाई," तिनं बजावलं.

"आन मेंढरानं तोंड लावलं तर?" धुळा भावजी, म्हणजे तिचा बाप, हसत म्हणाले. त्यांच्या पाठीत लेकीचा धपाटा बसला.

पुढच्या साली, बहात्तरला, पाऊस आलाच नाही. आड आटला. आम्ही बायका खडी फोडायला जाऊ लागलो. संध्याकाळी दीड कोसावरच्या झऱ्यावरून माणशी एक घागर मिळायची. हरणाबाई भांडी विसळायची, तोंड धुवायची, ते सगळं केळीच्या बुडाशी बसून.

"आक्का, आता काजळ बी लाव की तिला," मी चिडवायची.

त्यातच भामाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्या महिन्यात भावजी तिला आणायला निघाले, पायात पायताण घातलं, तेव्हा हरणाबाईनं त्यांना अडवलं.

"आवं, आनून काय करू? बाळंतिणीला रोज हंडाभर ऊन पानी लागतं. कुठनं घालू? तितं वढा वाहतोय. तितंच ऱ्हाऊ द्या तिला."

बोलणं खरं होतं, कुणालाही पटण्यासारखं. भामाचा मात्र उलट निरोप आला, "मला पानी नगं, आये पायजे." त्या दिवशी हरणाबाई जेवली नाही. पण बोलली त्यावरून हललीही नाही.

शिवरात्रीच्या सुमाराला शिराळ्याहून माणूस आला. भामाला मुलगी झाली होती, आणि अंगावरून रक्त जाऊन भामा गेली होती.

भामाला माती देऊन आम्ही परतलो. मातीहून आल्यावर अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि घरात तर हंडे कोरडे. पाहतो तो गल्लीतल्या बायका दारात उभ्या, प्रत्येकीच्या कमरेवर घागर. कुणी सांगितलं नव्हतं, आपापल्या घरचं पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी हरणाबाईला न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि एकीमागून एकीनं तिच्या डोक्यावर घागर ओतली. पाणी वाहत जाऊन केळीच्या आळ्यात साचलं. हरणाबाई त्या पाण्याकडं बघत राहिली.

"येवढं पानी हुतं व्हय गावात?" ती म्हणाली. "आन म्या कुनाला इचारलं बी न्हाई."

मला त्या केळीचा असा राग आला, की मुळासकट उपटून टाकावी.

आणि ती मेली केळ महिन्याभरात निसवली. केळफूल लोंबलं, घड धरला. हरणाबाई तिकडं फिरकत नव्हती. त्र्याहत्तरला पाऊसही झाला. पंचमीला लेकी माहेरी येतात, नेमका तेव्हा घड झाडावर पिकून लालभडक झाला. आमच्याकडं आली ती विहीण राहीबाई, भामाची पोर कडेवर घेऊन.

हरणाबाईनं पहिलं केळ सोललं, बोटाच्या टोकावर घेऊन पोरीच्या ओठांना लावलं. पोरगी मिटक्या मारायला लागली, आजीचं बोट सोडेना. आम्हीही चाखलं. लय गोड होतं. गोड निघालं याचाही मला राग आला आणि मग रडूच आलं.

घड उतरवल्यावर भावजींनी कोयता घेतला. केळ एकदाच फळते, मग थोरली तोडायची आणि पिल्लं वाढवायची, हे विहिणीनंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी कोयता उगारला, तशी हरणाबाई नातीला घेऊनच मध्ये आली.

"एक डाव व्याली, म्हंजी संपलं व्हय तिचं?"

भावजींचा हात खाली आला. केळ तशीच उभी राहिली. पानं वाळली, खोड काळं पडलं, तरी रोज सकाळी हरणाबाई पहिला तांब्या तिला घालायची आणि मग पिल्लांना.