सोनपाठ्यांचा जप

"आले! आले!" अशी आरोळी उठली आणि धक्क्यावरची शे-दीडशे माणसं एकदम पुढे रेटली. एका आजोबांची चप्पल पाण्यात गेली, तर खुद्द आजोबांनीही तिकडे पाहिलं नाही. तळ्याच्या चिंचोळ्या कोपऱ्यात, जिथे ओढा येऊन मिळतो, तिथे पाण्यावर पिवळ्याधमक पाठी दिसू लागल्या होत्या. हातभर लांबीचे सोनपाठे मासे, चार वर्षांत कुणाच्या गळाला न लागलेले, तोंड वर काढून उघडमीट करत होते.

होडीत उभ्या असलेल्या तळेबाबांनी राखाडी भुकटीची आणखी एक मूठ फेकली. "मासे संपले म्हणत होतात ना? रुसले होते रुसले! आम्ही समजूत काढली. बघा, आता कसा जप करतायत!"

"समजूत काढायला ते जाळं कशाला आडवं बांधलंय?" मी शेजारच्याला विचारलं.

"गप बसा हो. तुम्हाला सगळीकडे किडेच दिसतात."

मी बसलो गप. माझं धक्क्यासमोर गळाच्या काठ्या आणि रिळं दुरुस्त करण्याचं दुकान आहे. पूर्वी सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. सोनपाठ्या एकदा गळाला लागला की तासभर माणसाला घाम फोडायचा आणि ती झुंज खेळायला लांबलांबून लोक यायचे. हल्ली मी माश्या मारतो.

बाबांची होडी वल्हवत होते माझे भाऊजी. त्यांच्या सहा होड्या, त्यांतल्या चार उलट्या पडून वाळल्यात. माणूस भोळा नाही, पण हताश झाला होता. बाबा पहिल्यांदा भेटले तेव्हा डोळे मिटून म्हणाले होते, "तुमच्या मनात एक जागा आहे. कुणाला सांगितलेली नाहीत." आता तळ्यावर आयुष्य काढलेल्या कुठल्या माणसाच्या मनात अशी जागा नसते? भाऊजींचे डोळे भरून आले आणि त्यांनी तो ओढ्याचा कोपरा स्वतःच सांगून टाकला. मलासुद्धा कधी सांगितला नव्हता.

दुपारी मी ताईकडे गेलो. ताई शाळेत विज्ञान शिकवते. भाऊजी जेवून उठले होते आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होते. आरशाखालच्या फळीवर त्यांनी बाबांची भुकटी कागदात बांधून ठेवली होती.

"अहो, ती पुडी जरा द्या," ताई म्हणाली.

"तू काहीतरी वाकडं करणार."

"वाकडं असेल तरच वाकडं निघेल ना?"

तिने शाळेच्या टाकीतले चार बोटभर मासे दोन बरण्यांतून आणले होते. एका बरणीत चिमूटभर भुकटी पडली. आम्ही तिघं टेबलावर वाकून बघत राहिलो. पाच मिनिटांत दोन्ही मासे वर आले आणि तोंड उघडमीट करू लागले.

"जप सुरू झाला," ताई म्हणाली, पण तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. "मासे गुंगवायची मुळी असते, ती वाळवून कुटलेली आहे ही. श्वास कोंडतो त्यांचा, म्हणून वर येतात. कुठल्याही तळ्यात टाका, कुठलेही मासे जपच करतील."

भाऊजींनी बरणी हिसकावली आणि मासे बादलीतल्या स्वच्छ पाण्यात ओतले. एक हलला. दुसरा हलला नाही. तो बघता बघता ते अनवाणीच तळ्याकडे धावत सुटले.

आम्ही पोहोचलो तेव्हा धक्क्यावर मघाचीच गर्दी होती, फक्त आवाज नव्हता. जाळ्याच्या आत पांढरी पोटं तरंगत होती.

"मुक्त झाले!" बाबा ओरडत होते. "तुमची श्रद्धा कमी पडली!"

ताईने नळाच्या पाण्याची बादली त्यांच्यापुढे ठेवली. दुसऱ्या बरणीतले दोन मासे तिच्यात सोडले. "टाका तुमची भुकटी. इथे कुणी रुसलेलं नाही."

बाबांनी हात मागे घेतला. मग ताईनेच त्यांच्या मडक्यातली चिमूट टाकली आणि लोकांनी बादलीभोवती उभं राहून तो जप पुन्हा पाहिला. कुणीतरी शिवी हासडली. बाबांना पकडायला हात पुढे झाले, पण ते केव्हाच गाडीत बसले होते.

भाऊजी कमरेइतक्या पाण्यात उभे होते. दमलेला सोनपाठ्या सोडताना आम्ही त्याला दोन्ही हातांत धरून हळूहळू पुढे-मागे करतो, म्हणजे कल्ल्यांत पाणी खेळतं आणि त्याला तरतरी येते. तसं ते एका माशाला करत होते. किती वेळ करत होते कुणास ठाऊक. माशाच्या पोटातून हातावर केशरी अंडी सांडत होती.

"विणीसाठी ओढ्याशी आल्या होत्या," ताई म्हणाली. "माद्या आहेत सगळ्या. आणि अरे, तुझ्या दुकानाच्या भिंतीवर फोटो आहेत ना, तेही बघ एकदा."

मी बघितले. चाळीस फोटो, चाळीस फुगलेली पोटं. लहान मासा सोडायचा, मोठा घरी न्यायचा, हा आमचा जुना नियम. धक्क्याच्या खांबावर मापाची लाल रेघ मीच ओढली होती आणि आम्ही किती जपून वागतो म्हणून मिरवलोही होतो. या जातीत मोठी असते ती मादीच, हे कुणी पारखून पाहिलं नाही. बाबाने शेवटच्या सतरा मारल्या. आधीच्या कुणी मारल्या हे आम्हाला माहीत आहे.

"आता परत कसे येतील?" भाऊजींनी पाण्यातूनच विचारलं. ताई पाण्यात उतरली आणि तिने त्यांच्या हातांतला मासा काढून घेतला.

वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक बादली पाणी मागा आणि त्याला म्हणा, इथे करून दाखव. आणि आपल्या बापजाद्यांपासून चालत आलेल्या नियमालाही तेच म्हणा. हे सगळं मासे असताना करा. मी काल खांबावरची लाल रेघ खरवडून काढली. भाऊजी शेजारी उभे होते. मोजायला काहीच उरलं नव्हतं, तरी त्यांनी मला थांबवलं नाही.