वखारीतलं रेकॉर्ड

आता निपाणीच्या तंबाखू व्यापारी आप्पाण्णांच्या घरात काय झालं ते ऐका. ह्याच तंबाखूच्या सीझनची गोष्ट.

त्यांचा पोरगा अरिहंत, चौथीत. गुणी पोरगं, पण सरळ मोकळ्या रस्त्यावर धडपडायचं. चेंडू टाकला की डोळंच मिटायचं. डॉक्टर म्हणाले, ह्याला औषध न्हाय, खेळाय सोडा. सोडायचं कवा पण? ट्यूशन उरकून घरी येतंय तवर त्याची आई अनुराधाताई ताट वाढून बसलेल्या. जैनाचं घर, दिवस बुडायच्या आत जेवण व्हायलाच पायजे, आणि गल्लीतली पोरं नेमकी त्याच टायमाला क्रिकेट मांडणार. अरिहंत हातात घास धरून खिडकीतनं बघत बसायचा. टीममध्ये कुणीतरी घ्यावं, एवढंच त्याला पायजे व्हतं.

आप्पाण्णा माणूस हुशार. त्यांनी बेळगाव गाठलं आणि गेमचं मशीन घेऊन आले. टीव्हीवर कॅमेरा बसवायचा, त्याच्यासमोर पोरानं उड्या मारायच्या, हात फिरवायचं, की पडद्यावरचं पोरगं तसंच करतंय. दुकानदारानं सांगितलेलं, ह्यात धूळ न्हाय, ऊन न्हाय, गुडघं फुटत न्हायत, आणि पळणं, फेकणं, झेलणं सगळं तयार. वर रोजचं पॉइंट बापाच्या मोबाईलवर. हे शेवटचं आप्पाण्णांना लई आवडलं.

मशीन लावाय गेले तर समोर मोकळी जागा पायजे. हॉलमध्ये सोफा, दिवाण, शोकेस. शोकेसला अनुराधाताई हात लावू देईनात. मग काय, टीव्ही उचलला आणि मागच्या तंबाखूच्या वखारीत नेऊन ठेवला. जेवण झालं की अरिहंत वखारीत.

पहिल्या दिवशी त्यानं खरंच उड्या मारल्या. दम लागला, तंबाखूच्या वासानं शिंका आल्या, म्हणून जरा बाजूच्या पोत्यांवर टेकला. तेवढ्यात ट्रक आला. यल्लाप्पा हमाल आणि त्याची माणसं पोती घेऊन कॅमेऱ्यासमोरनं ये-जा कराय लागली. वाक, उचल, वळ, टाक. मशीनला काय कळतंय कोण मालकाचा पोरगा आणि कोण हमाल? ते आपलं बोलतंय, "वेल डन, अरिहंत!"

यल्लाप्पा दचकून थांबला, मग हसाय लागला. "काय ओ धाकलं मालक, तुमचा खेळ बी आमच्याच पाठीवर व्हय?"

दुसऱ्या दिवसापासनं अरिहंत मशीन चालू करायचा आणि पोत्यांवर पाय हलवत बसायचा. इकडं आप्पाण्णा पेढीवर बसून पॉइंट वाचून दाखवायचे. आज पोरगं एवढं वाकलं, एवढं पळालं. ऐकणाऱ्यांना त्यांच्याकडनं तंबाखूचा दर ठरवून घ्यायचा असायचा, त्यामुळं सगळ्यांना कौतुक. एक जण तर म्हणाला, ह्या वयात कंबरेत एवढी ताकद मी बघितली न्हाय. त्याचं बरोबरच व्हतं.

मग आप्पाण्णांनी शाळेच्या युवराज सरांना गाठलं. कोगनोळीच्या शाळेबरोबर बारक्या पोरांची मॅच ठरलेली. ह्याला घ्याच, म्हणाले. सर म्हणाले, रविवारी सकाळी ग्राउंडवर आणा, बघू. अरिहंतला कळून चुकलं. टीम एवढी जवळ आली आणि आता सगळ्यांसमोर हातची जाणार.

रविवारी आप्पाण्णा पेढीवरची दोन-तीन माणसं घेऊनच आले. सर म्हणाले, तयार? तर अरिहंत पाय फाकवून, दोन्ही हात आडवं पसरून गप उभा राहिला. मशीनसमोर आधी असंच उभं राहायला लागतंय, म्हंजे कॅमेरा ओळखतोय. सरांनी हळूच चेंडू टाकला. छातीवर आपटून खाली पडला. पोरं खिदळली. दुसरा टाकला, ह्यानं डोळं मिटलं.

"उन्हाची सवय न्हाय ओ त्याला," आप्पाण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सवयीनं त्यांनी मोठ्यानं वाचलं, "अभिनंदन. अरिहंत आत्ता खेळतोय, नवीन रेकॉर्ड..." पुढं आवाज बारीक झाला. सगळ्यांनी ग्राउंडवरच्या अरिहंतकडं बघितलं, मग मोबाईलकडं. सकाळी घाबरून सराव कराय गेलेला पोरगा मशीन बंद करायचं विसरला व्हता, आणि वखारीत ट्रक लागला व्हता.

"मशीन बिघडलं वाटतंय," आप्पाण्णा म्हणाले.

अरिहंतनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यानं न्हाय म्हणून मान हलवली. "बिघडलं न्हाय, पप्पा. ते यल्लाप्पाकाका हायत. रोजचं पॉइंट त्यांचंच. मला झेलाय येत न्हाय."

पेढीवरची माणसं एकदम आभाळाकडं बघाय लागली. आप्पाण्णांनी सरांना बाजूला नेऊन हळूच विचारलं, ह्याच्यापेक्षा भारी मशीन येतंय का? सर म्हणाले, उद्यापासनं ट्यूशन बंद करा, पोरगं इकडं सोडा. आप्पाण्णा म्हणाले, आणि जेवण? सर म्हणाले, डबा द्या, ग्राउंडवरच बसून दिवस बुडायच्या आत जेवंल की.

"मग मला टीममध्ये घेणार, सर?" अरिहंतनं विचारलं.

"कोगनोळीच्या मॅचला न्हाय. आधी हात खाली घे, आणि डोळं उघडं ठेव."

ह्यावेळी त्यानं उघडं ठेवलं. चेंडू येताना पूर्ण दिसला, बोटांना लागला आणि निसटून मागं गेला. अरिहंत वळला, पायात पाय अडकून पडला, उठला. गुडघा खरचटला.

"अरं ए, गटारीकडं गेला बघ," एक पोरगं ओरडलं. "आण की, बघत काय उभा राहिलायस?"

अरिहंत पळाला. आजपतूर त्याला कुणी चेंडू आणायलासुद्धा सांगितलं नव्हतं.