स्तामेंकाच्या ओठावरचा डाग

नऊ दिवस स्तामेंकाने आपल्या नातवाचा पापा घेतला नव्हता, आणि हे साऱ्या गावाला माहीत होतं. कारण ते तिच्या विहिणीला माहीत होतं. ल्युबिंकाला कळलं की गावाला कळलंच, मध्ये पोस्टमन लागत नाही.

"आमच्याकडे बाई, नातवंडाला उराशी धरतात," ल्युबिंका विहिरीवर चार बायकांत म्हणाली होती. "विहीणबाई मात्र दारातून बघतात. म्युझियममधली मूर्ती बघावी तसं."

स्तामेंकाने ते ऐकलं आणि गिळलं. खुलासे देत हिंडायला ती काही ल्युबिंकाच्या घरची मोलकरीण नव्हती.

झालं होतं एवढंच की मधाच्या पोळ्यांचं मेण गाळताना खालच्या ओठाच्या कोपऱ्यात चुरचुर सुटली. ही चुरचुर स्तामेंका चाळीस वर्षं ओळखत होती. अंगात कणकण आली, ऊन लागलं, झोप मोडली की हा पाहुणा ओठावर येऊन बसायचाच. तिने मेण तिथेच सोडलं, हात धुतले, फडक्यात बर्फ गुंडाळून ओठावर धरला. संध्याकाळी मधमाश्यांचा डिंक मुरवलेली दारू कापसाच्या बोळ्याने टिपली, बोट लावलं नाही. बोळा चुलीत. वर मधाचा पातळ हात. तिखट-आंबट बंद. टॉवेल वेगळा, पेला वेगळा, चमचा वेगळा. खपली आली तर नखाने उचकायची नाही, हात चुकून डोळ्याला न्यायचा नाही. तालुक्याची डॉक्टरीणसुद्धा स्तामेंकाचं हे सगळं ऐकून म्हणाली होती, "तुम्ही मलमाची नळी घेतलीत तर दोन दिवस आधी बरं वाटेल, बाकी तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही." स्तामेंका चौथी शिकलेली. ते वाक्य ती अजून मिरवत होती.

आणि त्याच संध्याकाळी आपलं अंथरूण उचलून ती अंगणापलीकडच्या उन्हाळी स्वयंपाकघरात राहायला गेली. मोठ्या माणसाच्या ओठावर ती नुसती पुटकुळी असते, आठ-दहा दिवसांचं दुखणं. पण महिना-दीड महिन्याच्या पोराच्या अंगात ती शिरली तर मध नाही की डिंक नाही, पोराला घेऊन थेट दवाखानाच गाठावा लागतो, आणि तिथेही देवाचा धावा करावा लागतो. तिच्या धाकट्या बहिणीचं तीन आठवड्यांचं पोर असंच गेलं होतं. एक मावशी आली, लाडाने तोंडाचे पापे घेऊन गेली. तेव्हा सगळे म्हणाले, दृष्ट लागली. खरं कारण एका नर्सने वीस वर्षांनी सांगितलं.

तर हा नातू. तिचा मुलगा ओब्राद आणि सून तियाना यांच्या लग्नानंतर अकरा वर्षांनी आलेला. आज त्याचा बाप्तिस्मा होता, आणि आज स्तामेंकाचा ओठ कोरा झाला होता. खपली तीन दिवसांपूर्वीच पडली होती, खाली लहान मुलासारखी गुलाबी कातडी. तिने खिडकीपाशी आरसा धरून दोनदा पाहिलं, नवा रुमाल डोक्याला बांधला आणि मनाशी ठरवलं: चर्चमध्ये कुमाचा मान झाला की दुसरा पापा माझा. पोराच्या कपाळावर. सगळ्यांच्या देखत, ल्युबिंकाच्या तर नाकासमोर.

कुम म्हणजे पोराला पाण्यातून वर घेणारा, त्याला नाव देणारा माणूस. आभाळात देव, जमिनीवर कुम, असं त्या डोंगराळ मुलखात म्हणतात. नाव कुम ठरवतो, आईबापांनाही ते चर्चमध्येच कळतं. पोराचा पहिला पापाही त्याचाच, मग तो मूल आईच्या हाती देतो. चार पिढ्या या घराचा कुम एकाच घरातून येत होता. रादिसावच्या आज्याने स्तामेंकाच्या नवऱ्याला धरलं, बापाने ओब्रादला. आता रादिसावची पाळी. तो व्हिएन्नात ट्रक चालवायचा, आणि आज चौदा तास गाडी हाकत थेट अंगणात येऊन उतरला.

"आजी! अजून म्हातारी झाली नाहीस?"

"तुझी वाट बघत थांबले होते," स्तामेंका म्हणाली. "ये."

तो भेटीचे तीन पापे घ्यायला वाकला. स्तामेंकाने गाल पुढे करता करता पाहिलं आणि गाल मागे घेतला. त्याच्या खालच्या ओठावर पांढरं काहीतरी सुकून चिकटलं होतं, आणि त्याच्याखाली ताजी, पाणी धरलेली, फुगलेली पुटकुळी.

"हे काय लावलंस?"

"टूथपेस्ट. सुकते म्हणतात."

"टूथपेस्ट दाताला लावतात, रादिसाव. उद्या गुडघा दुखला तर बुटाचं पॉलिश लावशील." तिने त्याला कोपराला धरून मधाच्या पेट्यांमागे नेलं. "कधी उठली?"

"काल. रात्रभर गाडी, डोळ्याला डोळा नाही, सीमेवर चार तास उन्हात. पुटकुळीच तर आहे आजी, गोळी थोडीच लागली."

"पोराचा पापा घ्यायचा नाहीस."

रादिसाव हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला.

"म्हणजे?"

स्तामेंकाने त्याला बहिणीच्या पोराची गोष्ट सांगितली. चार वाक्यांत, वळणं न घेता. तो ऐकत राहिला, पण त्याची मान ताठ होत गेली.

"मला पटतंय," तो म्हणाला. "पण तिथे साठ माणसं असणार. पोर माझ्या हातात, आणि मी तोंड फिरवायचं? लोक काय म्हणतील? कुमाला पोर नकोसं झालं. नाहीतर म्हणतील, व्हिएन्नाहून कसलातरी रोग घेऊन आला. माझी आई या गावात राहते, आजी. तिने विहिरीवर कोणत्या तोंडाने जायचं?"

"मी सांगेन लोकांना."

"काय सांगशील? कुमाच्या तोंडाला घाण आहे?" त्याचा आवाज चढला. "त्यापेक्षा दुसरा कुम शोधा. मी आल्या पावली परत जातो."

हे तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यालाच भीती वाटली. कुम बदलायचा म्हणजे घराचा पायाच उपटायचा. तियानाला हे कळलं तर तिच्या अंगावरचं दूध आटलं असतं.

स्तामेंकाने त्याच्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. चौदा तास गाडी हाकून आला होता, नवा कोट घातला होता. त्याची मान खाली जाणार होती म्हणून तो ओरडत होता. मान म्हणजे काय हे स्तामेंकाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"पेस्ट धुऊन काढ," ती म्हणाली. "नुसत्या पाण्याने, चोळू नकोस. हात साबणाने धू. आणि चर्चमध्ये माझ्याकडे लक्ष ठेव."

ती उन्हाळी स्वयंपाकघरात गेली. फळीवर डिंकाच्या दारूची काळपट बाटली होती. कापसाचा बोळा बुडवला आणि खिडकीतल्या आरशात आपल्या कोऱ्या, गुलाबी, नऊ दिवस जपलेल्या ओठाकडे एकदा पाहिलं. मग बोळा दाबला. एकदा, दोनदा. तपकिरी डाग चांगला नाण्याएवढा पसरला. तो दोन दिवस निघणार नव्हता, आणि कुठूनही दिसणार होता.

दुसरा पापा गेला.

चर्चच्या पायऱ्यांवर सगळे जमले तेव्हा स्तामेंका सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. तिला आवाज चढवावा लागत नसे. "माझ्या ओठावर ताप फुटलाय. हा बघा. आमच्या घरात ज्याच्या ओठावर असं असेल तो तान्ह्या पोराच्या तोंडाजवळ जात नाही, मग ती आजी असो की राजा. तो आपलं कपाळ पोराच्या पायाला लावतो. हा आमच्या घरचा रिवाज आहे. आज मी तसंच करणार. आणखी कोणाला असेल त्याने माझ्यामागे यावं. लाजायचं कारण नाही. लाज लपवणाऱ्याला."

"कधीपासूनचा रिवाज?" ल्युबिंकाने विचारलं. तिने लालभडक लिपस्टिक लावली होती. "मी तर ऐकला नाही."

"तुम्ही आमच्याकडे मुलगी दिलीत विहीणबाई, कान नाही दिलेत."

लोक हसले. रादिसाव हसला नाही. तो त्या तपकिरी डागाकडे पाहत होता. तासाभरापूर्वी त्याने तो ओठ हातभर अंतरावरून पाहिला होता, आणि तो धुतल्या बशीसारखा स्वच्छ होता.

पाद्रीबाबांनी पाणी घातलं, पोर खणखणीत रडलं, तेल लागलं, मेणबत्त्या फिरल्या. पांढऱ्या दुपट्यातलं पोर रादिसावच्या हातात आलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. रादिसावने मान वाकवली आणि आपलं रुंद कपाळ त्या इवल्या तळव्यांना लावलं. तसाच राहिला जरा वेळ. मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "वा! हा कुम." आणि दोन बायकांनी डोळे पुसले. तोंड फिरवल्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. झाला रिवाज.

"नाव?" पाद्रीबाबांनी विचारलं.

रादिसावने तियानाकडे पाहिलं नाही, ओब्रादकडे पाहिलं नाही.

"स्तामेंको."

कुजबुज सुटली. जिवंत आजीचं नाव? असं कोणी देतं का? आजीचं आयुष्य तुटतं म्हणतात! ओब्राद गोंधळून आईकडे बघायला लागला.

"बघता काय?" स्तामेंका म्हणाली. "मला आणखी तीस वर्षं जगायचंय. नावाला दोघं असलो तर मरण पत्ता चुकेल."

पाद्रीबाबांनी दाढीत हसून नाव लिहिलं. आता तिची पाळी होती. ती पुढे झाली आणि कपाळ पोराच्या पायांना लावलं. दुधाचा, साबणाचा, तेलाचा वास आला. ओठ तिने दातांखाली घट्ट धरले होते, कारण ते ऐकत नव्हते.

जेवणाला अक्रोडाच्या झाडाखाली टेबलं लागली. स्तामेंकाने वरच्या टोकाला, मानाच्या जागी दोन वेगळी ताटं मांडली, वेगळे पेले, वेगळे चमचे. पाकातल्या चेरींची बरणी सगळ्यांत फिरत होती. ती या टोकाला आली तेव्हा तिने दोन चमचे वाढून घेतले आणि बरणी परत पाठवली.

"बस इथे. तोंड वर कर," तिने रादिसावला सांगितलं. फडक्यात बर्फ गुंडाळून त्याच्या हातात दिला. "दाबू नकोस, धर. मग कोरडं करून मध लावायचा, ह्या बोळ्याने. परतीच्या वाटेत टोपी घाल, आणि औषधाच्या दुकानातून मलमाची नळी घे. घरी बायकोच्या कपाला तोंड लावलंस तर तिची चिठ्ठी मला येईल."

"आजी."

"काय?"

"सकाळी तुझ्या ओठावर काही नव्हतं."

"तुझे डोळे आले असतील. रात्रभर झोप नाही तुला."

बर्फ ओठावर धरून तो बसला, ताठ मानेने, नवा कोट घालून, मानाच्या जागी. येणारा-जाणारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून जात होता.

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी खुर्ची ओढत आणली. ल्युबिंका. हातात स्वतःचा पेला, ओठावरची लिपस्टिक पुसलेली, आणि वरच्या ओठाच्या कडेला तीन बारीक लाल ठिपके.

"काल रात्रीपासून चुरचुरतंय," ती ताटाकडे बघत म्हणाली. "पोराला तोंड लावलं नाही हां मी. कालपासून एकदाही नाही. मला वाटलं, कोणी विचारलं तर काय सांगू."

स्तामेंकाच्या जिभेवर म्युझियम आलं, मूर्ती आली, विहिरीवरच्या चारही बायका आल्या. एवढी आयती संधी जन्मात पुन्हा येणार नव्हती. तिने समोरच्या ल्युबिंकाकडे पाहिलं, मग अक्रोडाच्या सावलीत तियानाच्या मांडीवर झोपलेल्या स्तामेंकोकडे पाहिलं.

"सरक रे कुम," ती म्हणाली. "विहीणबाईंना जागा दे. मानाचं टोक आहे हे."

आणि तिने काळपट बाटली, कापूस आणि एक नवा चमचा ल्युबिंकापुढे सरकवला.