रेघेबाहेरचा ठिपका

वहिनीचा डोळा बरा झाला असता, तर वहिनीखालोखाल फायदा नणंदेचाच होता. घरात तिच्या नोकरीचा उल्लेख ‘बुरशी वाढवते’ एवढाच व्हायचा, तोही आवाज उतरवून. आता वाळक्या पानाचं टोक लागल्याचं निमित्त होऊन तसलीच बुरशी वहिनीच्या उजव्या डोळ्यात शिरली होती, आणि औषध कुठलं लागू पडेल ते नणंदेची प्रयोगशाळा सांगणार होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईचा डोळा वाचवणारी नणंद! आई चार लोकांत नाव घेईल, दादा मध्येच बोलणं तोडणार नाही. एवढं सगळं तिनं आधीच जमेला धरलं होतं.

“वन्सं, माझ्या डोळ्यातलं पीक कसं आहे?” वहिनीनं फोनवर विचारलं.

“जोमदार.”

“असणारच. जमीन कुणाची!” वहिनी हसली आणि मध्येच कळवळली.

डोळ्यातून खरवडलेला कण तबकडीतल्या खळीसारख्या थरावर अर्धगोल रेघ ओढून पेरायचा, ही तिथली पद्धत. रेघेवर उगवेल ते डोळ्यातलं, रेघेबाहेर उगवेल तो हवेतून पडलेला कचरा. वहिनीच्या रेघेवर कापसासारखे पांढरे पुंजके आले होते. रेघेच्या शेपटाकडे, जरा बाजूला, एक चपटा मळकट ठिपका होता. आत की बाहेर? परक्याचा नमुना असता तर तिनं तोही वेगळा वाढवून पाहिला असता. पण त्यात दिवस जाणार, आणि दादाचे फोनवर फोन.

“बाहेर,” ती स्वतःशीच म्हणाली आणि रेघेवरचा एक गुबगुबीत पुंजका तपासायला उचलला. औषधाच्या नेहमीच्या थेंबांपुढे त्यानं मुकाट्यानं मान टाकली. डॉक्टरांकडे अहवाल द्यायला ती स्वतः गेली.

थेंबांनी आधी उतार पडला. मग डोळा पुन्हा लालभडक झाला, बुबुळावर पांढरा डाग पसरत चालला.

“औषध बरोबर असतं तर हा थांबला असता,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दादानं बहिणीकडे वळून पाहिलं. “तू नीट पाहिलं होतंस ना?”

“पाहिलं होतं,” ती म्हणाली आणि तडक प्रयोगशाळेत परतली.

तबकडी अजून कपाटात होती. तिनं ती उजेडात तिरकी धरली. रेघेचा चरा मळकट ठिपक्याच्या पोटाखालून गेला होता. ठिपका रेघेवरच होता. तिनं तो वेगळा वाढवून थेंबांपुढे ठेवला, तर त्यानं खुशाल हातपाय पसरले.

विभागप्रमुखांनी दोघांची जनुकं ताडून पाहिली. “आडनाव एकच, पण हे एकमेकांचं तोंडही न पाहणारे भाऊबंद आहेत,” ते म्हणाले. “पांढरा गरीब. हा मळकट खोल पोखरतो. तुझ्या थेंबांनी पांढरा मेला आणि याला मोकळं रान मिळालं.”

औषध बदललं, पण तोवर बुबुळ फाटायच्या बेताला आलं होतं. दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागलं. डोळा राहिला, पण त्याला कळायचा तो फक्त उजेड आणि अंधार.

नणंदेनं पलंगाशेजारी बसून सगळं सांगितलं.

“घाई कसली होती?” वहिनीनं विचारलं.

“शहाणी ठरायची.”

वहिनीनं भिंतीकडे तोंड केलं. “वन्सं, आज घरी जा.”

प्रमुखांना यावर निबंध छापायचा होता. एकाच डोळ्यात दोन वाण, म्हणजे नवलच. नणंद नको म्हणून अडून बसली, तेव्हा वहिनीनंच निरोप धाडला: “छापा. आणि कचरा समजून काय टाकलंत तेही लिहा. फक्त वाचून दाखवायला येऊ नका.”

निबंध आला. नणंदेचं नाव पहिलं, प्रमुखांचं शेवटी. प्रयोगशाळेला नवं यंत्र मिळालं, आई चार लोकांत लेकीचं नाव घेऊ लागली. वहिनी दुकानात डाव्या डोळ्याला भिंग लावून काटे बसवायला शिकत होती आणि निम्मे काटे जमिनीवर पाडत होती. सगळ्यांच्या फायद्याची किंमत चुकती करणारी ती एकटी. निबंधात तिची नोंद एवढीच: रुग्ण, स्त्री, उजवा डोळा.