खादीफळ्यावरचा पुरा चांद

मित्रांनो, मी फळा आहे, पण खडूचा नाही. माझ्यावर कोणी लिहीत नाही, माझ्यावर चित्रं चिकटतात. नांदुऱ्याकडच्या एका गावात, अंगणवाडीच्या भिंतीवर मी दहा वर्षं काढली. आता कपाटामागे उभा आहे. एक कोपरा तेवढा बाहेर राहिलाय, तेवढ्यातून जे दिसतं ते सांगतो.

माझी चौकट वकार सुतारानं सागाच्या उरलेल्या पट्ट्यांतून केली. तिच्यावर अंगणवाडीच्या संजीवनीबाईंनी जाड निळी खादी ताणून बसवली. चित्राच्या मागे पॉलिशपेपरचा, म्हणजे लाकूड घासायच्या खरखरीत कागदाचा तुकडा डकवला की ते चित्र माझ्या खादीला घट्ट धरून राहतं. खिळा नको, डिंक नको. फळं, भाज्या, गाई-गुरं सगळी माझ्या अंगावर नांदली. तपासणीला कोणी आलं की पहिलं कौतुक माझं व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मी फुगून जायचो.

मागल्या वर्षीच्या हिवाळ्यात बाईंनी ‘थंडीतले सण’ शिकवायचं मनावर घेतलं. पोरांना फक्त आपल्याच घरचा सण ठाऊक असतो, असं त्यांचं म्हणणं. अट एकच होती. चित्र विकतचं नको, ज्याच्या घरचा सण त्याच्या घरच्या कापडाचं हवं. संक्रांतीचा पतंग एका पोराच्या बापाच्या सदऱ्यातून निघाला. नाताळची चांदणी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या उशीच्या अभ्र्यातून निघाली. लोहडीचा जाळ तर हार्वेस्टर घेऊन आलेल्या सरदारजींच्या जुन्या केशरी पगडीचा होता. पंजाबात थंडीत शेकोटीभोवती नाचतात, असं बाई सांगू लागल्या की सगळी पोरं उठून माझ्यासमोर धिंगाणा घालायची.

शब-ए-बारातसाठी बाईंनी वकारच्या घरी विचारलं. त्याची बायको सरवरी स्वतः ओढणी घेऊन आली. हिरवी, बारीक चमकीची. बाईंनी सवयीनं चंद्रकोर कापायला घेतली, तर सरवरीनं त्यांचा हात धरला.

“कोर नाही बाई, पुरा चांद पायजे. चवदावी रात ऱ्हायते ना ते. आपले जे गेले त्यायची याद करतात, हलवा वाटतात.”

“दरसाल थंडीतच येते का वं?”

“दहा-अकरा दिवस मांगं सरकत जाते. औंदा थंडी सरता सरता आली, पुढच्या साली चांगल्या थंडीत येईन. चांद जपून ठेवजा.”

तिची चार वर्षांची राबिया हे ऐकत उभी होती. चांद तिनंच माझ्यावर लावला, जरा वाकडा. बाईंनी तो तसाच राहू दिला.

पावसाळ्यात सरवरी बाळंतपणात गेली. बाळही गेलं. चाळीस दिवस झाल्यावर घरच्या रिवाजाप्रमाणे तिचे सगळे कपडे गरजूंना वाटून टाकले. वकारनंच गाठोडं बांधलं. घरात तिचा धागा उरला नाही, उरला तो माझ्या अंगावर. राबिया रोज आल्या आल्या, चप्पल काढायच्याही आधी, त्या चांदावरून हात फिरवायची आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसायची. संजीवनीबाई ते पाहत होत्या. पण त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, कुठे लिहूनही ठेवलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कोण लिहून ठेवतं?

दिवाळीनंतर बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी प्रतीक्षा मॅडम आल्या, पाठोपाठ मोठा टीव्ही आला. टीव्हीला भिंत हवी होती आणि बरी भिंत एकच होती, माझी. मला खाली उतरवलं. चित्रं काढून अंबूबाईंच्या हवाली केली.

अंबूबाई पोरांसाठी खिचडी शिजवतात. त्यांच्या हातून काडी वाया जात नाही. त्यांनी चांद उलटापालटा करून पाहिला. पुढे मऊ कापड, मागे खरखरीत कागद, हाताच्या पंजाएवढा गोल. खिचडी बुडाला लागली की पातेलं खरडायला याहून चांगलं काय मिळणार होतं? मी कपाटामागून रोज दुपारी तो खरखर आवाज ऐकायचो. तो तुकडा कुणाचा आहे हे मला एकट्याला माहीत होतं, आणि मला तोंड नाही.

राबिया तेव्हा खामगावला नानीकडे होती. ती परतली ती नेमकी शब-ए-बारातच्या दिवशी. रात्री वकार कब्रस्तानात सरवरीच्या कबरीवर जाणार होता, पोरीला नेणार नव्हता. त्याच सकाळी ती अंगणवाडीत आली आणि थेट माझ्या भिंतीकडे धावली. तिथे टीव्हीत बर्फाचा बाहुला नाचत होता.

“चांद कुठी हाय?” तिनं विचारलं.

प्रतीक्षा मॅडमना वाटलं, पोर टीव्हीवरचं काही मागतेय. त्यांनी रिमोट उचलला. “कोणता चांद बेटा? थांब, लावते.”

“नाही. माह्या अम्मीचा.”

अंबूबाई मोरीपाशी कालचं पातेलं घासत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या उठल्या, हातातला तुकडा धुतला, पिळला, पदराला पुसला आणि राबियापुढे धरला. चमकी केव्हाच झडली होती. रंग काजळला होता आणि कडा फाटून त्याचा गोलही राहिला नव्हता.

“हाच हाय वं माय. मले कोणी सांगतलंच नाही.”

राबियानं तो नीट पाहिला. उलटून पाहिला, नाकाशी धरला. मग परत दिला.

“हा नाही,” ती म्हणाली. “माह्या अम्मीचा हिरवा हाय.”

आणि ती शोधायला लागली. चटयांखाली, खेळण्यांच्या डब्यात, मोरीमागे. शेवटी कपाटामागे हात घालून तिनं माझी रिकामी खादी चाचपली. अंबूबाई तो तुकडा मुठीत धरून दारात बसून राहिल्या, त्या दिवशी खिचडीला उशीर झाला. मी दोष कोणाला देऊ? त्या वाईट नाहीत. संजीवनीबाई तर नाहीतच.

मित्रांनो, तुमच्या शाळेत कोणाच्या घरून काही आलं, चिंधी का असेना, तर तिच्या मागे नाव लिहून ठेवा. मोठ्यांच्या लक्षात असेल यावर विसंबू नका. मोठी माणसं निवृत्त होतात, बदलून जातात, मरतात. एवढंच माझं मागणं आहे. मला आता भिंत नको, कौतुकही नको.

राबिया रोज येते. टीव्ही लागला की सगळी पोरं तिकडे बघतात. ती तेवढ्यात कपाटाशी येते आणि माझ्यावरून हात फिरवते, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. तिला अजून वाटतं, तो इथेच कुठेतरी असेल.