ठाऊक असलं तरी

“सिस्टर, ये चिट्ठी ले जाऊँ कि नहीं, अब आप ही बता दो,” दुलीचंद कंपाउंडर म्हणाला आणि विचारता विचारताच त्याने हातातलं पाकीट पाठीमागे धरलं.

आशालता नुकतीच बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आली होती. लालबर्ऱ्याकडून बैलगाडीत आलेली पहिलटकरीण, सकाळपासूनची झटापट, आणि शेवटी तीन वाजता सव्वासहा पौंडांची, कडाडून रडणारी मुलगी. कोपरापर्यंत साबण चोळत, अजून त्याच आनंदात, तिने विचारलं, “कोणती चिठ्ठी?”

“गुणाकर बाबा ने दोपहर को लिखवाई. गार्डबाबू हिरालाल के नाम. बोले, चार दस की गाड़ी छूटने से पहले उनके हाथ में देना.” तो घुटमळला. “आपको मालूम तो है ना, अंदर क्या है?”

“मले काय माहीत?”

“वही तो! लिखते-लिखते मुझे शक हुआ.”

तिने ओल्या हातानेच पाकीट ओढून घेतलं. अक्षर दुलीचंदचं, भाषा वडिलांची. ‘आपला निरोप पोहोचला. माझी कन्या आशालता हिचा विवाहाचा विचार नाही. प्रभू आपणांस योग्य सोबत देवो.’

तिने दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तिला फक्त शेवट कळला. दुसऱ्या वेळी सुरुवात कळली, आणि तिच्या कानशिलांतून गरम झळ गेली. निरोप पोहोचला! म्हणजे निरोप आला होता. हिरालाल गार्डाने तिला मागणी घातली होती, तिने ती नाकारलीही होती, आणि या दोन्ही गोष्टी उरकल्यावर तिला त्यांचा पत्ता लागत होता.

१९६७ सालचा नोव्हेंबर होता. आशालता भालेराव सदतीस वर्षांची होती. बालाघाटच्या या मिशन दवाखान्यात नर्स म्हणून तिची सोळा वर्षं झाली होती; गावात कुठेही गेलं तरी एखादी बाई पोराला पुढे ढकलून म्हणायची, “हे तुमच्याच हातचं, बाई.” तिचे वडील गुणाकर भालेराव यांनी तीस वर्षं वैनगंगेच्या दोन्ही काठांवर, बाजाराबाजारांतून ख्रिस्ती धर्माचा उपदेश केला होता. आता काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. उजेड आणि सावली तेवढी कळायची. दवाखान्याच्याच आवारात, ख्रिस्ती देवळामागच्या दोन खोल्यांत बापलेक राहायचे.

आणि हिरालाल? छोट्या गाडीचा, म्हणजे नॅरोगेजचा, गार्ड, सहा वर्षांपूर्वी विधुर झालेला, ड्युटी नसेल त्या रविवारी देवळात शेवटच्या बाकावर बसणारा. पावसाळ्यात डब्याच्या दारात त्याची दोन बोटं चेंगरली होती. पाच आठवडे, दर सोमवारी, आशालताने पट्टी बदलली. दर वेळी तो विचारायचा, “आज त नाही दुखणार ना, सिस्टर?” दर वेळी ती सांगायची, “दुखणार.” मग तो डोळे मिटून स्टेशनांची नावं ओळीने म्हणायचा, आणि कुठलं तरी एक चुकायचा, आणि तिला हसू यायचं. बस, एवढंच झालं होतं. पण पट्टी सुटल्यानंतरच्या सोमवारी तिने दोनदा दाराकडे पाहिलं होतं, हे तिला आत्ता, साबणाच्या हातांनी, एकदम आठवलं.

“मी नेते चिठ्ठी,” ती म्हणाली आणि हात तसेच पदराला पुसत घराकडे निघाली.

गुणाकर खाटेवर बसले होते. पावलं ऐकून ते म्हणाले, “पोरगी झाली ना? रडणं इथवर आलं.”

“बाबा, गार्डबाबूचा निरोप आलता?”

“हौ. परवा. त्याची नैनपूरले बदली झाली, आजची त्याची इथली आखरी गाडी. उत्तर मागे.”

“अन् तुम्ही देलं.”

“देलं. तू नाहीच म्हणणार होतीस. मले माहीत होतं.”

“कसं माहीत होतं?”

“पोरी, जन्मापासून वळखतो मी तुले. त्र्यंबक मास्तरच्या वेळेसही असंच...” आणि ते थांबले.

वारासिवनीच्या शाळेतला त्र्यंबक मास्तर नाताळच्या गाण्यांसाठी बालाघाटला यायचा. त्याचा खर्जातला आवाज देवळाच्या कौलांपर्यंत भरायचा. एका वर्षी तो यायचाच बंद झाला. आपण काय बोललो, काय चुकलो, याचा हिशेब तेवीस वर्षांची आशालता कितीतरी दिवस मांडत राहिली होती.

“मास्तरनं मले मागणी घातलती?”

“तुई आई तवा खाटेवर होती. तिले सोडून तू गेली नसतीस. मले माहीत होतं, पोरी. उगाच तुया जिवाले घोर काहून, म्हणून मीच सांगून टाकलं.”

“चवदा वर्षं, बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “चवदा वर्षं मले वाटे, मले कोणी विचारलंच नाही.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. पण आशालताच्या आत काहीतरी उसळत होतं, आणि ते नुसतं दुःख नव्हतं. ती खाटेसमोर येऊन उभी राहिली.

“बाजारात लोक तुम्हाले काय विचारत, आठवते?”

“काय?”

“की देवाले सारं आंधीच माहीत असते, त माणसाच्या हाती राह्यलं काय? मी पाप करणार हे त्याले माहीत आहे, मंग ते पाप माहं कसं? अन् तुम्ही काय सांगत जा? सांगा ना.”

तीस वर्षांची सवय; असल्या वेळीही गुणाकरांचा चेहरा उजळला. त्यांची पाठ ताठ झाली आणि बाजारातला तो ठणठणीत आवाज परत आला. “मी सांगे, आई लेकरापुढं दोन वाट्या ठेवते. एकीत गूळ, एकीत मीठ. लेकरू गूळच उचलन हे आईले माहीत असते. म्हणून काय आईनं त्याचा हात धरला? हात लेकराचा, उचलणं लेकराचं. आईचं निस्तं माहीत असणं. देवाचंही तसंच. त्याचं माहीत असणं माणसाचा हात नाही धरत.”

“बरोबर!” आशालता जवळजवळ ओरडली. “पण आई वाटी पुढं ठेवते, बाबा! माहीत असलं तरी ठेवते! देवाले सारं माहीत आहे तरी तो माणसाले विचारते, उत्तराची वाट पाहते. तुम्हाले माहीत होतं, म्हणून तुम्ही विचारलंच नाही. दोन्ही वेळा. वाटी कुठं ठेवली तुम्ही?”

तीस वर्षांत बाजारातल्या कुणी त्यांना एवढं अडवलं नव्हतं.

“पण तवा तू गेली असतीस काय, आशा?” त्यांनी हळूच विचारलं.

“नसती गेली! आईले टाकून नसतीच गेली. पण ते ‘नाही’ माहं असतं.”

“अन् आज? आज काय सांगणार?”

आशालता काहीतरी बोलायला गेली आणि थबकली. सकाळी तिला कुणी विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, या वयात कसलं लग्न. आता आत पाहिलं तर तिथे उत्तर नव्हतंच. मोकळी जागा होती.

“मले माहीत नाही,” ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला विलक्षण हलकं वाटलं.

“देवाले माहीत आहे.”

“हौ. त्याले आहे. पण त्यानं मले काही सांगितलं नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. तिने सायकल काढली.

ही सायकल गावोगावच्या बाळंतपणांसाठी दवाखान्याने दिलेली होती, आणि आशालता ती एरवी बेताने चालवायची. आज ती फाटकातून सुटली ती घंटी वाजवतच. कापणीचे दिवस होते. गिरणीपुढे धानाच्या गाड्यांची रांग लागली होती, रस्ताभर भुशाची धूळ उडत होती. “सरका, सरका हो!” ती ओरडत होती. एका गाडीवाल्याने घाबरून बैल ओढले. “कोणाच्या घरी आहे, बाई?” त्याने विचारलं.

“माह्याच!” ती म्हणाली आणि पुढे गेली. तो तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

पायडल मारता मारता तिचं मन तिच्याही पुढे धावत होतं. वीस मिनिटांनी मी काय बोलणार, ते देवाला आत्ताच ठाऊक आहे. म्हणजे ते ठरलेलंच आहे का? चौकात तिने मुद्दाम हँडल डावीकडे, स्टेशनच्या उलट दिशेला फिरवलं. हे ठाऊक होतं का? असणार. पाच-पन्नास हात गेल्यावर ती उलटी फिरली. हेही असणार. मग एका चिंचेखाली तिने करकचून ब्रेक मारला, एक पाय जमिनीला टेकला, आणि धापा टाकत उभी राहिली. घरी जाऊ का? जाता येत होतं. स्टेशनवर जाऊ? तेही येत होतं. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याच्या ठाऊक असण्याचं वजन हँडलवर कुठेच लागत नव्हतं. हँडल तिच्या हातात होतं, जिकडे वळवावं तिकडे वळत होतं. वडिलांनी जन्मभर सांगितलेली गोष्ट तिला रस्त्याच्या कडेला, तळहातांत कळली. ती एकटीच मोठ्याने हसली आणि पायडलवर उभी राहून स्टेशनकडे निघाली.

छोटी गाडी फलाटाला उभी होती. इंजिन फुसफुसत होतं, माणसं गाठोडी आत कोंबत होती. सगळ्यात मागच्या डब्यापाशी हिरालाल पांढऱ्या गणवेशात उभा होता, काखेत दोन निशाणं. त्याची ट्रंक आणि वळकटी आत ठेवलेली दिसत होती. आशालताला पाहताच त्याचा चेहरा फुलला. मग तिच्या हातातलं पाकीट दिसलं, आणि तो विझला.

“समजलो, सिस्टर,” तो म्हणाला. “एवढ्या दूर काहून आल्या? ‘नाही’च आहे ना? मले आंधीच माहीत होतं.”

“तुम्हालेही?” आशालता कडाडली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. “बाबाले माहीत, तुम्हाले माहीत! मी काय सांगणार हे साऱ्यायले माहीत आहे, एक मले सोडून! तुम्ही मले काहून नाही विचारलं? पाच हप्ते माह्यासमोर बसत होता ना हात पुढं करून?”

“हिंमत नाही झाली,” हिरालाल म्हणाला. वाकडी राहिलेली बोटं त्याने मुठीत लपवली.

“मंग आता विचारा.”

“आता? गाडीचा टाइम...”

“आता.”

स्टेशनमास्तर ऑफिसातून ओरडला, “गार्डबाबू, टाइम हो गया!” इंजिनाने शिटी दिली. हिरालालने टोपी काढली, आणि चुकून निशाणं खाली पडली. ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

“आशालताबाई,” तो म्हणाला, नावाने त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली, “माह्यासंगं लग्न करता काय?”

कुठूनतरी वाचून दाखवावं असं आत काही लिहिलेलं नव्हतं. देवाला ठाऊक होतं खरं, पण तोही जणू श्वास धरून थांबला होता, आणि तिच्याऐवजी बोलत नव्हता. तिला आईची खाट आठवली, वडिलांची काठी आठवली, आणि ओळीने म्हणताना दर वेळी चुकलेली ती स्टेशनं आठवली.

“हौ,” ती म्हणाली.

पहिला धक्का बसला तो तिलाच. मग हिरालालला. त्याने खाली वाकून जे हाती लागलं ते निशाण उचललं आणि जोरजोरात हलवलं. ते लाल होतं. ड्रायव्हरने इंजिनातून अर्धा बाहेर येऊन शिव्या घातल्या. खिडक्यांतली माणसं काही न कळताच हसू लागली. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. उशिराचं कारण हिरालालने पुस्तकात काय लिहिलं, ते त्याने लग्नानंतरही आशालताला कधी सांगितलं नाही.

हलत्या डब्याच्या पायरीवरून तो ओरडला, “बाबायलेही घेऊन येऊ! क्वार्टर मोठं आहे!”

“त्यायचं मी नाही सांगत!” तीही ओरडली. “त्यायले विचारन!”

परतताना तिने सायकल हातात धरून चालवली. वैनगंगेकडून गार वारा येत होता. फेब्रुवारीत लग्न, तोवर दवाखान्यात कळवणं, बाबांकडे पाहायला दुलीचंद आणि त्याची बायको शेजारीच आहेत, नैनपूर काही फार लांब नाही... मन भराभर बेत करत होतं. आणि मधेच तिला कळलं की वडील काय म्हणतील, हे तिला ठाऊक आहे. अगदी स्वच्छ ठाऊक आहे. देवळामागे आईची कबर होती. रोज सकाळी काठी टेकत ते तिथे जात, आणि तिथवरची पावलं त्यांना पाठ होती.

गुणाकर पायरीवर बसले होते. त्यांनी रविवारचा काळा कोट घातला होता. बटणं एक घर चुकून लागली होती. सायकलचा आवाज ऐकून ते उठले.

“काय सांगितलंस?” त्यांनी विचारलं. उत्तर खरंच ठाऊक नसलेल्या माणसाचा तो आवाज होता.

“हौ म्हटलं.”

त्यांनी श्वास सोडला. “मले वाटलं होतं...” ते म्हणाले, आणि पुढे बोलण्याऐवजी चकित झाल्यासारखे हसले. त्या हसण्यात डोळे भरले.

तिने जवळ जाऊन त्यांच्या कोटाची बटणं काढली आणि नीट लावली. मग खालच्या पायरीवर बसली.

“बाबा, तुम्ही येता काय आमच्यासंगं नैनपूरले?”

दवाखान्यात नवं बाळ रडायला लागलं आणि थांबलं. आवारातली सावली भिंतीवर चढत गेली. मी तुमच्या वतीने सांगून टाकते, असं तिच्या जिभेवर दोनदा आलं. ती वाट पाहत राहिली.

“नाही,” गुणाकर शेवटी म्हणाले. सावकाश, एकेक शब्द तोलून. “मी इथंच राहीन. तुया आईपाशी.”

आशालताने मान हलवली. त्यांना ते दिसत नाही, हे तिच्या लक्षात जरा उशिरा आलं.

“बरं,” ती म्हणाली.